मेचेबाईंची होविता

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत इंटरनेट दुरुस्त करायला एक माणूस आला. तो मेचेबाईंच्या घरात सकाळी दहाला शिरला आणि साडेबाराला बाहेर पडला, तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत मक्याचं पीठ लागलेलं होतं. मी अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते. व्हॅनचं दार उघडता उघडता त्याने मला विचारलं, "मॅम, त्या बसचं शेवटी काय झालं, तुम्हाला माहीत आहे का?" मी म्हटलं, "माहीत आहे, पण सांगायची मला परवानगी नाही. शनिवारी या." तर शनिवारी आला की तो, आणि बायकोलाही घेऊन आला. मेचेबाईंचं इंटरनेट अजूनही अधूनमधून जातं, पण त्यांनी कधी तक्रार केलेली नाही.

मेचेबाई म्हणजे आमच्या शेजारीण. मूळ नाव मेर्सेदेस, लाडाचं नाव मेचे, आणि वयाचा मान म्हणून सगळे त्यांना 'दोन्या मेचे' म्हणतात. दोन्या म्हणजे आपल्यातलं 'बाई'. म्हणून मी त्यांना सरळ मेचेबाई म्हणते आणि त्याही ओ देतात. मेक्सिकोतल्या एका डोंगराळ खेड्यातून त्या एकोणिसाव्या वर्षी निघाल्या आणि आता सदुसष्टाव्या वर्षी टेक्सासमधल्या अर्विंगला, माझ्या कुंपणापलीकडे राहतात. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा ह्यूस्टनला. उंची पाच फुटांना जरा कमीच. आवाजाचं मात्र तसं नाही. आमच्या डोक्यावरून विमानं इतकी खालून जातात की बाकीच्या बायका बोलता बोलता थांबतात, मेचेबाई थांबत नाहीत.

पहिली चार वर्षं आमचं 'हॅलो' आणि 'टू हॉट' यापलीकडे काही नव्हतं. मग एका शनिवारी मी कुंपणावरून पाहिलं, तर मागच्या पॅटिओत लांब टेबल मांडून सहा-सात बायका कसल्याशा पानावर पीठ थापत होत्या. आता पानावर पीठ थापलेलं दिसलं की चिपळूणची बाई कुंपणाच्या अलीकडे कशी राहील? आमच्याकडे हळदीच्या पानात पातोळ्या करतात, तोच प्रकार. इथे पान म्हणजे मक्याच्या कणसाची वाळलेली सालं. ती भिजवायची, आत मक्याचं पीठ थापायचं, सारण भरायचं, गुंडाळायचं आणि उकडायचं. याला तमाले म्हणतात. मी फाटकातून आत गेले आणि विचारलं, "मे आय सी?" मेचेबाईंनी वर न बघता माझ्या हातात चमचा दिला. त्याला सोळा वर्षं झाली, अजून काही माझी सुटका नाही.

त्या टेबलाचा नियम एकच. "रिकाम्या हातांना गोष्ट ऐकू येत नाही." हे मेचेबाईंचं ब्रह्मवाक्य. कोणाचा हात जरा थांबला की त्या 'मानोस' असं म्हणतात. मानोस म्हणजे हात. ओरडत नाहीत, नुसतं म्हणतात, आणि गोष्ट तिथेच थांबवतात. मग सगळ्या बायका त्या बाईकडे अशा बघतात की ती मुकाट्याने चमचा उचलते. चर्चचे फादर एकदा आशीर्वाद द्यायला आले होते. त्यांना मिरच्यांच्या बिया काढायला बसवलं, आणि नंतर बिचाऱ्यांनी तोच हात डोळ्याला लावला. अविनाश, म्हणजे माझा नवरा, एकदा मला जेवायला बोलवायला आला तो दीड तास कणसाच्या सालांचे धागे वेचत बसला. तेव्हापासून तो कुंपणापाशीसुद्धा येत नाही, घरातून फोन करतो.

आणि बायका तरी काय एकेक. एक एल साल्वाडोरची, ती घरोघरी म्हाताऱ्यांची सेवा करते. एक ग्वाटेमालाची, हॉटेलात खोल्या साफ करते. एक पोर्तो रिकोची शाळामास्तरीण. आणि एक येसेनिया, सगळ्यांत धाकटी, जन्म इथलाच, शहराच्या लायब्ररीत नोकरी. हिला मी येसू म्हणते. आठवडाभर या बायका दुसऱ्यांच्या घरात, दुसऱ्यांच्या भाषेत 'येस मॅम, नो मॅम' करतात आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी इथे येऊन जे बोलायला लागतात ते विचारू नका. कोणाच्या आजीने भूत पळवलं, कोणाच्या आत्याने नवरा पळवला. मीसुद्धा आमच्या आजीने वाघाला सूप फेकून मारल्याची गोष्ट तिथे रुजू केली आहे. भांडणंही होतात. साल्वाडोरच्या बाईचं म्हणणं की तमाले केळीच्या पानातच हवेत, मक्याचं साल म्हणजे गरिबी. मी कोकणातली, साहजिकच केळीच्या पानाच्या बाजूने बोलले, तर मेचेबाईंनी मला दोन शनिवार कांदे चिरायला बसवलं.

माणूस म्हणून मात्र सोनं. त्या पिठात डुकराची चरबी घालतात, आणि मी ती खात नाही. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, उगाच कोणाला कशाला अवघडल्यासारखं करा. पण दुसऱ्याच महिन्यात टेबलाच्या टोकाला एक वेगळं पातेलं दिसलं. तेलात मळलेलं पीठ, आत चीज आणि मिरची. कोणीतरी विचारलं हे कोणासाठी, तर मेचेबाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलंय." कोणाच्या डॉक्टरांनी, ते आजतागायत कळलेलं नाही.

आता होविताचं सांगते.

मेचेबाईंच्या साऱ्या गोष्टी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, होविताच्या. स्वतःची एकही नाही. होविता लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात नवऱ्याने खेचराला लाथ मारलेली बघते, तशीच मागे फिरते, आणि मग बँडवाल्यांसोबत बसून लग्नाचं जेवण जेवते. होविता हॉटेलच्या धोबीखान्यात कामाला लागते, तिथला सुपरवायझर एका पोरीला शिवी देतो, तर होविता त्याला चादरींच्या खोलीत कोंडते आणि माफीचे शब्द दाराबाहेरून शिकवून त्याच्याकडून म्हणवून घेते. आणि मुख्य म्हणजे बस. डोंगरातल्या घाटात ड्रायव्हर पिऊन झोपतो, बसमध्ये एकवीस माणसं आणि चार बोकड, आणि होविता, वय वर्षं अठरा, आयुष्यात स्टिअरिंगला हात न लावलेली, ती बस खाली आणते. ही गोष्ट तीन शनिवार चालते. एकेका वळणाला मेचेबाई स्वतः वाकतात, त्यांच्याबरोबर आम्ही सगळ्या वाकतो, आणि हातातलं पीठ सांडतं.

कोणी शंका काढली की मेचेबाईंचं उत्तर ठरलेलं. "खोटं वाटतं? होविताला विचारा." आता होविताला विचारणार कुठे? ती होती तिकडे डोंगरात. दोन वर्षं इथे राहिली, कंटाळली, परत गेली, असं मेचेबाई सांगायच्या. साल्वाडोरच्या बाईने तिच्या मालकिणीशी पगाराचं बोलायला जाताना "आज मी होविता आहे" असं स्वतःला बजावलं होतं, हे तिने मला स्वतः सांगितलंय. तर अशी ही होविता.

आणि गेल्या सप्टेंबरात होविताला व्हिसा मिळाला.

तीन आठवड्यांसाठी येणार. मेचेबाईंनी ही बातमी टेबलावर फार हळू आवाजात सांगितली, पण सांगितली. झालं, बायका वेड्या व्हायच्या बाकी राहिल्या. त्याच महिन्यात येसूच्या लायब्ररीत लॅटिना बायकांच्या गोष्टींची एक संध्याकाळ ठरली होती. मेक्सिकोपासून खालच्या देशांतल्या ज्या बायका इथे येऊन राहिल्या, त्यांनी आपापल्या गोष्टी सांगायच्या, दहा-दहा मिनिटं. मेचेबाई सांगणार हे पक्कं होतं. पण येसू पडली उत्साही. तिने कोणालाही न विचारता मेचेबाईंच्या भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढला आणि पत्रक छापलं. वर होविताचा चेहरा, खाली मोठ्या अक्षरात: 'जिने बस चालवली ती होविता, स्वतः आपल्या भेटीला'. इंडियन ग्रोसरीच्या काचेवरसुद्धा लागलं ते. मी कोथिंबीर घ्यायला गेले तर समोर होविता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेचेबाईंनी मला बोलावलं. मी स्वयंपाकघरात बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, त्यांनी मला काही काम दिलं नाही. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"होविताने कधी बस चालवलेली नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "बरं."

"मी चालवली."

"बरं."

"लग्नातून उठून गेले तीही मी. चादरींच्या खोलीत त्या माणसाला कोंडलं तेही मीच."

"आणि होविता?"

"होविता घरी होती. आईचं करत होती. सव्वीस वर्षं. ती तालुक्याच्या गावापलीकडे कधी गेलेली नाही."

खरं सांगते, मला आधी रागच आला. सोळा वर्षं मी त्या होवितासाठी वळणावळणावर वाकले होते. पण मग माझं मेचेबाईंच्या हातांकडे लक्ष गेलं. त्या टेबलावरचं पत्रक उलटं ठेवत होत्या, सुलटं करत होत्या.

"आमचं काही ठरलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आईचे पाय गेले होते. दोघींतल्या एकीने राहायचं हे उघड होतं, पण ते कोणी बोललं नाही. मी एकोणीस, ती सोळा. त्या पहाटे मी आधी उठले, एवढंच. चपला हातात घेतल्या आणि निघाले. ती आधी उठली असती तर ती इथे असती आणि मी तिथे. मग पुढे जे काय झालं ते सगळं तिचंच ना? मी तिच्या जागी जाऊन करून आले. नाव तरी तिचं नको का लावायला?"

"पण बस आणि लग्न तर निघायच्या आधीचं."

"एकदा द्यायला लागलं की हिशेब कोण ठेवतो, वेसिना," त्या म्हणाल्या. वेसिना म्हणजे शेजारीण, मला त्या तेच म्हणतात. "आता शनिवारी साठ माणसांसमोर कोणीतरी म्हणेल, होविता, बसचं सांग. ती म्हणेल, कुठली बस? लोक हसतील. मला हसू देत. पण तिला काय वाटेल? एकदा मी तिचं आयुष्य घेऊन गेले. वर त्याची गोष्ट करून लोकांना वाटली."

"मग आधीच सांगून टाका तिला."

"आई गेल्यावर मी दोनदा जाऊन आले. त्या पहाटेबद्दल ना तिने काढलं, ना मी. आता काय सांगू? तू सांग."

"माझ्या स्पॅनिशमध्ये? तिला वाटेल तिला बसने उडवलं."

त्या जराशा हसल्या. मला मात्र हसू येईना. माझी आई चिपळूणला वहिनीच्या हातची पेज पीत गेली. मी इथून फोनच्या पडद्यात तोंड घालून 'काळजी घे गं' म्हणत होते, आणि वहिनी मागे उभी राहून उशा बदलत होती. इथल्या गणपतीत कोणी विचारलं की मी सांगते, शेवटची दोन वर्षं आम्ही आईचं सगळं नीट केलं. आम्ही. वहिनीचं नावसुद्धा घेत नाही मी. मेचेबाई निदान नाव तरी घेत होत्या.

पुढचे चार दिवस मेचेबाईंनी कार्यक्रम मोडायचे जेवढे म्हणून उपाय करता येतील तेवढे केले. येसूला फोन करून सांगितलं की होविताचा घसा बसलाय. येसू म्हणाली, ती तर अजून विमानातही बसलेली नाही. मग होविताला गर्दीचं भय आहे असं झालं. मग होविताच्या ऐवजी शेजारची इंडियन बाई वाघाची गोष्ट सांगेल असं परस्पर ठरवून टाकलं, आणि मी दोन दिवस बाथरूममध्ये स्पॅनिशमधून वाघ पाठ केला. अविनाश बाहेरून म्हणाला, "आत कोणाशी भांडते आहेस?" पण येसूने ऐकलं नाही. पत्रकं वाटून झाली होती.

गुरुवारी होविता आली. मी एअरपोर्टवर गेले होते, गाडी माझीच होती. आमच्या मनातली होविता धिप्पाड, कमरेवर हात ठेवलेली. बाहेर आली ती मेचेबाईंहूनही चार बोटं बुटकी बाई, त्या उकाड्यात अंगाभोवती शाल, हातात सुक्या मिरच्यांची पिशवी. तिने बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "बारीक झालीस." मेचेबाई कुठल्या बारीक! घरी पोचल्यावर अर्ध्या तासात होविताने सगळी पातेली घासून पालथी घातली. गाडीत तिने मला एकच प्रश्न विचारला होता, तुझी आई आहे का. मी नाही म्हटलं. तिने माझा हात थोपटला.

शुक्रवारी साल्वाडोरची बाई डबा घेऊन आली. मी तिथेच होते. तिने होविताचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुमच्यामुळे मी मालकिणीशी बोलू शकले हो. तो चादरींच्या खोलीतला किस्सा मी कधी विसरणार नाही." मेचेबाई फ्रिजमध्ये तोंड घालून उभ्या राहिल्या. होविताने एकदा त्या बाईकडे बघितलं, एकदा फ्रिजकडे. "असं का," ती म्हणाली, आणि तिला कॉफी दिली. संध्याकाळी आणखी दोघीजणी येऊन गेल्या. त्यांनाही तिने 'असं का' म्हणून कॉफी दिली. रात्री काय झालं ते मला माहीत नाही, पण सकाळी मेचेबाई म्हणाल्या की होविता काहीच बोलली नाही, आणि त्यांनीही काही सांगितलं नाही.

शनिवारी पाच वाजता लायब्ररीचा हॉल भरला. आम्ही सगळ्या इस्त्रीचे कपडे घालून. लायब्ररीत खायचं काही करायला मनाई आहे, पण मेचेबाईंनी हॉलच्या दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मक्याची दोन-दोन सालं दिली. त्यांच्या पट्ट्या फाडायच्या, तमाले बांधायला दोरीसारख्या लागतात म्हणून. सूटबूट घातलेला एक साहेब आला होता, लायब्ररीतला कोणी मोठा अधिकारी असावा. तोही पहिल्या रांगेत पट्ट्या फाडत बसला. सगळ्या हॉलमध्ये नुसती फरफर फरफर.

पोर्तो रिकोच्या मास्तरीणबाईंनी वादळाची गोष्ट सांगितली, लोक हसले, डोळे पुसले. ग्वाटेमालाची बाई जन्मात माईकसमोर उभी राहिली नव्हती. ती पहिली दोन मिनिटं नुसती श्वास घेत होती आणि मग जी बोलत सुटली ती थांबेचना. स्वतःच्या आजीच्या हातमागाची गोष्ट, कुठल्या रंगाचा धागा कोणासाठी विणला याची. मग येसूने होविताचं नाव पुकारलं. टाळ्या थांबेनात. मागून आमच्याच टेबलावरच्या बायका ओरडल्या, "बस, बस सांगा."

होविता शाल सावरत दोन पायऱ्या चढून वर गेली. मेचेबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्या ताडकन उठल्या. "थांबा," त्या म्हणाल्या, "ती बस..." मी त्यांचा पदर धरावा तसं त्यांच्या ब्लाउजचं टोक धरलं होतं.

"मेचे, खाली बस," होविता माईकवरून म्हणाली. मेचेबाई बसल्या. त्यांना कोणी खाली बसवलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

"बस माझ्या बहिणीने चालवली," होविता म्हणाली. येसू शेजारी उभी राहून इंग्रजीत सांगत होती, पण होविताचं स्पॅनिश इतकं सावकाश होतं की मलाही सगळं कळत होतं. "मी त्या दिवशी घरी होते. घरून जेवढं दिसलं तेवढं सांगते. चालेल का?"

हॉलभर माना हलल्या.

"आमची आई खाटेवर असायची. त्या दुपारी घाटातून हॉर्न ऐकू यायला लागला. प्रत्येक वळणाला हॉर्न. आई म्हणाली, ड्रायव्हर एवढा हॉर्न वाजवत नाही, ही आपली मेचे आहे. मी म्हटलं, मेचे कशाला बस चालवेल? आई म्हणाली, मला दाखव. मग मी आईला पाठुंगळी घेतलं आणि रस्त्यापर्यंत नेलं. पाऊस पडून गेला होता. बस आमच्या समोरून गेली. आईने दोन्ही हात हलवले, म्हणजे माझी मान सोडली, आणि आम्ही दोघी चिखलात पडलो. मेचेने आमच्याकडे बघितलं नाही. बरं झालं. बघितलं असतं तर एकवीस माणसं दरीत गेली असती."

लोक हसले. मेचेबाई हसल्या नाहीत. चिखलाचं त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

"मेचे घर सोडून गेल्यावर आई जगली तोवर जो कोणी घरी येईल त्याला ही गोष्ट सांगत होती," होविता म्हणाली. "दरवर्षी दरी खोल होत गेली. बोकड तर आधी एकच होता. मेचेचं पत्र आलं की मी वाचून दाखवायचे, तीही गोष्ट आई पाठ करायची. चादरींच्या खोलीची तर आमच्या गावात पोराबाळांना पाठ आहे. काल या बायका मला येऊन म्हणाल्या की हे सगळं तू केलंस. मी विचार केला, या बहुतेक माझ्या बहिणीच्या मैत्रिणी असणार, म्हणून कॉफी दिली."

पुन्हा हशा. मग ती जरा थांबली.

"मला सगळे विचारायचे, बहीण तुला टाकून गेली, वाईट नाही वाटत? मी कधी उत्तर दिलं नाही. आज देते. ती गेली त्या पहाटे मी जागी होते. दार करकरायचं, म्हणून तिने आदल्या दिवशीच बिजागरीला चरबी लावून ठेवली होती. चपला हातात घेतल्या होत्या. आईच्या खाटेपाशी थांबली, माझ्यापाशी थांबली. मी डोळे मिटून पडले होते. मला कुठे जायचं नव्हतं. मी भित्री आहे, घाट उतरतानासुद्धा मी शेजारच्याचा हात धरून बसते. तिने माझं काही नेलं नाही."

हॉलमधली फरफर केव्हाची थांबली होती. मेचेबाईंनी पहिल्या रांगेतून विचारलं. माईक नव्हता, आणि त्यांचा तो आवाजही नव्हता.

"जागी होतीस, तर मला हाक का नाही मारलीस?"

होविताने शालीच्या टोकाने तोंड पुसलं.

"हाक मारली असती तर तू गेली नसतीस," ती म्हणाली.

एवढं वाक्य येसूने इंग्रजीत केलं नाही, आणि कोणी मागितलंही नाही. मेचेबाई उठल्या, पायऱ्या चढून वर गेल्या आणि धाकट्या बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून आमच्या सगळ्यांच्या देखत रडल्या. होविता त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. माईक चालू होता, त्यामुळे ती हळूच काय म्हणत होती ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. "झालं, मेचे, झालं. दमली असशील. बस इथे जरा."